लिटरमागे सात-आठ रुपये

कोल्हापूरचा माणूस गोव्याला निघाला की आजऱ्यापासूनच पेट्रोल भरायचं बंद करतो. गोव्यात लिटरमागे सात-आठ रुपये स्वस्त. त्यामुळे सावंतवाडीत काटा लाल रेषेला टेकला तरी मी पंपाकडे ढुंकून पाहिलं नाही. बांद्याला एसी बंद केला. मे महिना. मागच्या सीटवर आई पदरानं वारा घेत होती आणि बायको काहीच बोलत नव्हती, जे जास्त गंभीर असतं.

पत्रादेवीला हद्द ओलांडली नि मी जिंकल्यासारखा हॉर्न वाजवला. रस्त्याकडेला हुतात्मा स्मारक. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही इथूनच आत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या हद्दीवर मी आलो होतो तो टाकीमागे अडीचशे रुपये वाचवायला! हॉर्नवरचा हात आपोआप निघाला.

पुढे म्हापशात दुपारी एकला पोचलो, तर निम्म्या दुकानांची दारं ओढलेली. एका उघड्या दारात दुकानदार खुर्चीत पेंगत होता. मी चप्पल मागितली. डोळे न उघडता तो कोकणीत म्हणाला, "फाल्यां मेळटलें." म्हणजे उद्या मिळेल. आमच्याकडे गिऱ्हाईक दारात आलं की दुकानदार चहा सांगतो, दहा जोड खाली काढतो आणि न घेता निघालो तर आपल्यालाच गुन्हेगार वाटायला लावतो. हा बाबा विकायचं सोडून झोपला होता आणि आमच्याहून सुखी दिसत होता. मला रागही आला, हेवाही वाटला.

बाजारात मात्र आईनं कोकमाचं आगळ घेतलं. बाई ते दारूच्या रिकाम्या बाटल्यांतून विकत होती. लेबल तसंच.

परतताना नाक्यावर डिकी उघडायला लावली. "परमिट?"

"आगळ आहे हो, पित्तावर चांगलं," आई म्हणाली.

साहेबांनी बूच काढून हुंगलं. ते देशावरचे असावेत. पाण्यात घालून घ्यायचं असतं, हे सांगायच्या आत त्यांनी टोपणभर तोंडात टाकलं. आंबट, वर खारट. एक डोळा मिटला, कान हलल्यासारखे वाटले, आणि हातानंच 'जा' अशी खूण झाली.

आंबोलीच्या पहिल्या वळणावर आई म्हणाली, "अरे, बाटली त्यांच्या टेबलावरच राहिली!"

मी मनात मागं जाण्या-येण्याचं पेट्रोल मोजायला लागलो. बायकोनं फक्त माझ्याकडे बघितलं. मी गाडी वळवली.