मत असावं, पण लांबचं असावं

ॲडमिशन झालं, अभिनंदन. आता तुम्हाला मतं लागणार. बारावीपर्यंत नुसते मार्क असले तरी चालून जातं, इथून पुढे मत नसेल तर कट्ट्यावर कोणी तुमच्याकडे कटिंगचा ग्लास पण सरकवत नाही. घाबरायचं काम नाही, सीनियर म्हणून सांगतो, मत ठेवणं अजिबात अवघड नसतं, फक्त अंतर सांभाळायचं. विषय जेवढा लांबचा तेवढं मत कडक ठेवायचं, आणि विषय जसजसा कॉलेजच्या गेटच्या आत यायला लागेल तसतसं त्यात पाणी घालत जायचं, स्टाफरूमच्या दाराशी पोचेपर्यंत त्याचं "हो सर" झालेलं पाहिजे.

म्हणजे कसं, तर अमेरिकेने काय करायला पाहिजे होतं, संसदेत कोण चुकलं, टीम सिलेक्शनमध्ये कोणाचा वशिला चालतो, यावर तुम्ही गळ्याच्या शिरा ताणून बोला, कोणी अडवत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा वॉटर कूलर बंद आहे आणि त्याच्यावरचा 'दुरुस्तीचे काम चालू आहे' हा कागद पिवळा पडून आता गळायला आलाय, यावर मात्र मत द्यायचं नाही. घरून बाटली आणायची.

सुरुवात भ्रष्टाचारापासून करा, नवशिक्यांना हा विषय बरा पडतो कारण त्याच्या बाजूने बोलणारा कोणी भेटतच नाही. दर दोन वाक्यांनी 'सिस्टीम' हा शब्द आला पाहिजे. सिस्टीम सडलीये, सिस्टीममध्ये राहून काय होत नाही, सगळी सिस्टीमच बदलली पाहिजे वगैरे. हे बोलायला उत्तम जागा म्हणजे गावातल्या त्या दवाखान्याबाहेरची रांग, जिथे डिफॉल्टर लिस्ट लागली की अर्धा वर्ग मेडिकल सर्टिफिकेट काढायला उभा असतो. हजेरी ७५ टक्के लागते, तुमची भरलीये ३१, मधले ४४ टक्के टायफॉईडने भरून काढायचे असतात. डॉक्टर भला माणूस आहे, पण त्यांना हात जोडून सांगा की सगळ्यांना एकाच आठवड्यात टायफॉईड देऊ नका, थोड्यांना कावीळ द्या, दोघातिघांना डेंग्यू द्या, नाहीतर उद्या जिल्हा परिषदेचं आरोग्य पथक यायचं कॉलेजात. बाकी उरलेल्यांनी आजोबा वारल्याचा अर्ज लिहावा. आजोबा सेकंड इयरला परत वारले तरी ऑफिसात कोणी मागची फाईल काढून बघत नाही.

इंजिनिअरिंगला आला असाल तर जीटी शिकून घ्या, सिलॅबसमध्ये नसलेलं हे एकच स्किल सगळ्यांना येतं. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग, काच घ्यायची, काचेखाली ट्यूबलाईट, काचेवर टॉपरची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री गिरवत बसायचं. हात चालू असताना तोंड रिकामं असतं, त्याचा उपयोग पेपरफुटीवर बोलायला करा. २०२१ ला टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, घोटाळ्यात परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली, २०२४ ला नीटचा पेपर पाटणा आणि हजारीबागला फुटला, गरिबाच्या पोरांनी अभ्यास करायचा तरी कशाला, पोरांच्या आयुष्याशी खेळतात हे लोक. सगळं खरं आहे, चीड पण खरी आहे, फक्त चिडल्यावर हात हलू देऊ नका, रेघ जाड येते आणि मग सरांना कळतं.

आरक्षणाचा विषय हॉस्टेलवर रात्री अकरानंतर काढायचा, मेसची खिचडी जरा खाली उतरली की. इथे 'मेरिट' लागतं. मेरिटवर सगळ्यात पोटतिडकीने कोण बोलतोय ते बघून ठेवा, बहुतेक वेळा तो इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, जागेवरून आलेला असतो, कॅप राउंड म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्या संपल्या, नंबर कुठेच लागला नाही, मग पप्पांनी चेअरमनसाहेबांना फोन केला आणि सोमवारी मेरिट जमा झालं. त्याला हे विचारायचं नाही, रूममेट आहे, पावसाळ्यात त्याचीच बाईक मागायची असते. आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यातला एक जण त्याच खोलीत कोपऱ्यातल्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं नाटक करत पडलेला असतो, त्याच्याकडे पण बघायचं नाही, कारण बघितलं की आवाज आपोआप खाली येतो आणि मग चर्चेत मजा राहत नाही.

त्या पोराने ॲडमिशनपर्यंत काय काय गोळा केलेलं असतं ते एकदा विचाराल तर फुकट वेळ जाईल, म्हणून मीच सांगून टाकतो. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, ओबीसी असेल तर वरून नॉन क्रिमीलेयर. व्हॅलिडिटी जात पडताळणी समितीकडून, बाकीचा प्रत्येक कागद सेतूत अर्ज, मग तहसील किंवा प्रांत ऑफिस, मग सर्व्हर डाऊन, या मार्गाने येतो. मग महाडीबीटीवर, म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलवर, फॉर्म, फॉर्म कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला पडून. भाऊसाहेब जेवायला गेलेत. भाऊसाहेब ट्रेनिंगला गेलेत. भाऊसाहेबांकडे आता नॅकचं, म्हणजे कॉलेज तपासून ग्रेड देणाऱ्यांचं, काम आहे, पुढच्या आठवड्यात ये. सगळं झालं की आधार बँकेला लिंक नाही म्हणून पैसे अडकतात. मग एक दिवस लेक्चर चालू असताना शिपाई मामा दारात येतात आणि खणखणीत आवाजात यादी वाचतात, अमुक अमुक, तमुक तमुक, हे स्कॉलरशिपवाले ऑफिसात भेटा, आणि अख्ख्या वर्गाच्या माना वळतात. नावं पोर्टलवरून मेसेजने पण कळवता आली असती, पण मामांचा आवाज वाया जाईल ना. आरक्षणाच्या चर्चेत हे असलं काही आणायचं नाही, कारण मग ती चर्चा सरकत सरकत ऑफिसच्या खिडकीपाशी येते आणि खिडकी गेटच्या आत आहे.

२०२४ च्या जुलैत सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फी पूर्ण माफ केली. यावर 'ऐतिहासिक निर्णय' असं स्टेटस ठेवायला हरकत नाही. खिडकीवर "आधी भरा, सरकारकडून आले की बघू" असं ऐकू आलं तर ते ऐकून घ्यायचं, स्टेटस काढायची गरज नाही.

मुलींच्या सुरक्षेवर तर मत पाहिजेच पाहिजे. लांबच्या कुठल्या शहरात काही भयंकर घडलं की कॅंडल मार्च काढायचा, राग येतो, यायलाच पाहिजे, फक्त मार्च साडेसहाला ठेवा कारण साडेसातला लेडीज हॉस्टेलचं गेट बंद होतं. मुली स्वातंत्र्याच्या घोषणा देऊन वेळेत आत गेल्या की मागे उरलेल्या मुलग्यांनी मेणबत्त्या गोळा कराव्यात, त्यांचं गेट अकराला बंद होतं, म्हणजे ज्यांना कंपाऊंडची भिंत चढता येत नाही त्यांच्यासाठी. मुलींना लवकर का कोंडायचं तर बाहेर मुलगे फिरत असतात म्हणून, हे लॉजिक रेक्टर मॅडमनी समजावलं की मान हलवायची. अंतर्गत तक्रार समितीचा बोर्ड ऑफिसच्या पॅसेजमध्ये आहे, कपाटामागे, त्यावरच्या एक मॅडम रिटायर झाल्यात आणि दिलेला नंबर लागत नाही, पण बोर्ड ॲक्रिलिकचा आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१५ च्या नियमात असं लिहिलंय की प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर या समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी पाहिजेत आणि ते पण निवडून आलेले. निवडून! असो. पॅडचं मशीन ८ मार्चला फीत कापून चालू झालं, ९ मार्चपासून नाणं घेतं आणि काही देत नाही, त्यावर कविता सुचत असेल तर मासिकात द्या, मासिक निघालं तर.

निवडून या शब्दावरून आठवलं. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस असतो, त्या दिवशी सगळ्यांना ग्राउंडवर उभं करून शपथ देतात, की आम्ही निर्भयपणे आणि कोणत्याही प्रलोभनाला बळी न पडता मतदान करू. उजवा हात सरळ पुढे ठेवून शपथ घ्यायची, फोटो निघतो, फोटो वरती पाठवायचा असतो. देशाने १९८९ ला मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं, म्हणजे प्रधानमंत्री कोण व्हावा हे ठरवायची अक्कल तुम्हाला आहे. कॉलेजचा जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा जनरल सेक्रेटरी, कोण व्हावा हे ठरवायची नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजातल्या थेट निवडणुका गेल्या आणि प्रतिनिधी मार्कांवर यायला लागले, कारण त्याआधी निवडणुकांत मारामाऱ्या व्हायच्या, मुंबईत तर एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता, हे कारण काही खोटं नाही. (मारामाऱ्या होतात म्हणून निवडणुका बंद करायच्या हा न्याय बाकी कुठे कुठे लावता येईल याचा विचार कट्ट्यावर करायला हरकत नाही, विषय लांबचा आहे.) मग २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत आल्या, कागदावर. २०१९ ला घ्यायचं ठरलं पण, तेवढ्यात विधानसभा निवडणूक आली म्हणून लांबल्या. म्हणजे लोकशाही आडवी आली म्हणून लोकशाही राहिली. आता वर्गाचा सीआर, म्हणजे प्रतिनिधी, कसा ठरतो तर सर विचारतात कोण होतंय, सगळे खाली बघतात, पहिल्या बाकावरचा ज्याच्याकडे सरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिन आधीच आहे तो होतो. त्याचं काम म्हणजे पीडीएफ फॉरवर्ड करणं आणि सरांचा बर्थडे लक्षात ठेवणं. अशा माणसाकडे वॉटर कूलरचा विषय नेऊन त्याला अडचणीत आणू नका, त्याचे इंटर्नल सरांच्या हातात आहेत. तुमचे पण.

एवढं सगळं मत साठल्यावर ते सोडायला जागा लागते, त्यासाठी वक्तृत्व स्पर्धा आहेत. 'आजचा तरुण: दिशा आणि दशा' किंवा 'सोशल मीडिया: शाप की वरदान' यातला एक विषय तयार ठेवला की तीन वर्षं निघतात. सुरुवातीला शेर, मध्ये फुले-शाहू-आंबेडकर एका श्वासात, शेवटी मूठ. सर्टिफिकेटवर आडनाव चुकेल, चालतं, फ्रेम करा. नाहीतर एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना लावा, दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर असतं. दिवसा शोषखड्डा खणायचा, संध्याकाळी देवळासमोर व्यसनमुक्तीचं पथनाट्य करायचं, आणि दारुड्याचं काम उत्तम करणारा कार्यकर्ता प्रयोग संपल्यावर शाळेमागे गायछाप मळत बसलेला असतो. गावातल्या म्हाताऱ्या फार सोशिक असतात, दरवर्षी नवीन पोरं येऊन त्यांना हात धुवायला शिकवतात, त्या दरवर्षी शिकतात आणि वर भाकरी पण खायला घालतात.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. कधी कधी मत जवळच्या विषयावर फुटतं. २०१७ ला मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायला घेतल्या, निकाल महिने महिने रखडले, पोरं बोंबलली, पेपर, कोर्ट, राज्यपाल सगळे मध्ये आले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंनाच पदावरून जावं लागलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एमपीएससीची पूर्व परीक्षा आणि बँकेची आयबीपीएस एकाच तारखेला आली, पुण्यात पोरं रात्रभर रस्त्यावर बसली आणि आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. बघा म्हणजे, आपल्याच अडचणीवर आपणच बसलं तर चक्क काहीतरी होतं. तेव्हा हे टाळलेलंच बरं. एकदा झालं की चटक लागते, आज परीक्षेची तारीख, उद्या लायब्ररी पाचलाच का बंद होते, परवा जिमखान्याची फी घेता तर जिमखाना कुठाय, याला काही शेवट नाही. यूजीसीने २०२३ च्या नियमात प्रत्येक कॉलेजला तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठाला लोकपाल नेमायला सांगितलाय, तो कोण आहे ते शोधत बसू नका, वेबसाईटवर 'कमिटीज' नावाच्या टॅबखाली असेल आणि तो टॅब उघडत नाही. तक्रारपेटी आहे जिन्याखाली. तिची चावी कोणाकडे आहे हे मामांनाच माहिती आणि मामा म्हणतात सरांकडे.

आणि इतकं करूनही तुम्हाला कधीतरी लेखी मत द्यायची वेळ येणारच, कारण नॅक येतं. नॅक येणार हे तुम्हाला आधीच कळेल, भिंतींना रंग लागेल, कुंड्या येतील, दुसऱ्या मजल्यावरचा कूलर एका रात्रीत चालू होईल (तेवढ्यात पाणी पिऊन घ्या). मग सगळ्यांना कॉम्प्युटर लॅबमध्ये बोलावतील आणि नॅकचा विद्यार्थी समाधान सर्वे भरायला लावतील. त्यात २१ प्रश्न असतात, वीस प्रश्नांना पर्याय, सगळ्यात वरचा पर्याय म्हणजे चार गुण, मॅडम मागे उभ्या असतील, चार देत जा. एकविसावा तेवढा लिहायचा असतो, कॉलेजातलं शिकणं-शिकवणं सुधारायला तीन सूचना द्या म्हणून. तिथे दोन मिनिटं थांबायचं, कपाळाला आठ्या घालायच्या, आणि लिहायचं, सगळं छान आहे. फक्त सगळ्यांनी एकच वाक्य टाकू नका, मागच्या बॅचने ग्रुपवरून कॉपी-पेस्ट केलं होतं, त्यात खाली सीआरचा 'फॉरवर्ड करा रे' पण आला होता.