खुलासा : होमरचा ‘मद्यासारखा समुद्र’ आणि निळा रंग

‘प्राचीन ग्रीकांना निळा रंग दिसतच नव्हता, म्हणून होमर समुद्राला मद्यासारखा म्हणतो’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. होमर म्हणजे ‘इलियड’ या महाकाव्याचा प्राचीन ग्रीक कवी.

मूळ विशेषण आहे ‘ओइनोप्स’. ‘ओइनोस’ म्हणजे द्राक्षाचं मद्य, ‘ओप्स’ म्हणजे चेहरा, रूप. कवीच्या मनात मद्याची छटा होती, गडदपणा होता की लकाकी, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण होमर हेच विशेषण बैलांनाही लावतो, आणि समुद्राला इतरत्र करडा किंवा जांभळ्या फुलांसारखा म्हणतो. शिवाय ही तोंडी परंपरेतली कविता. ‘ओइनोपा पोन्तोन’ (मद्यासारखा समुद्र) हे शब्द तिच्या वृत्तात ओळीच्या शेवटी चपखल बसतात, म्हणून पुन्हा पुन्हा येतात.

या दाव्याचा उगम विल्यम ग्लॅडस्टन यांच्या १८५८ सालच्या होमरवरील ग्रंथात आहे. ते पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. होमरकडे रंगांचे शब्द फार थोडे आहेत, हे त्यांचं निरीक्षण खरोखर मोलाचं होतं. त्या काळच्या माणसांची रंगदृष्टीच अपुरी होती, हा निष्कर्ष मात्र टिकला नाही. होमरच्या कितीतरी शतकं आधीच्या, ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या क्नोसोस इथल्या भित्तिचित्रांत निळा रंग सढळ हातानं वापरलेला आहे. खुद्द ‘इलियड’मध्ये ग्रीक सेनापती अ‍ॅगमेम्नॉनच्या चिलखतावर ‘क्यानोस’ या गडद निळ्या द्रव्याचे पट्टे आहेत.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. ज्या गटात तो आला असेल, तिथे हा खुलासा जरूर टाका.