गाडीवरचे जेवण आणि घरचा डबा : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दुपारच्या सुट्टीत कामाच्या ठिकाणाजवळच्या फेरीवाल्याकडून जेवण घेण्याविषयी मी जे लिहिले होते, त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांच्या सोयीसाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. डबा नेणे शक्य असताना रोज गाडीवर खाणे हा निव्वळ आळस आहे, उघड्यावरचे अन्न मुळातच घातक असते आणि त्याचा पुरावा म्हणजे आपल्या दोन सहकाऱ्यांना दुपारी गाडीवर खाल्ल्यानंतर त्याच रात्री उलट्या सुरू झाल्या, असे आपण लिहिले आहे. सुट्टीचा निम्मा वेळ जाण्यायेण्यात आणि रांगेत जातो, शिवाय या गाड्यांमुळे पदपथ अडतात, हे आपले आणखी दोन मुद्दे. शेवटी आपण विचारले आहे की, घरातल्या वृद्धांना आणि लहान मुलांना हे अन्न मी देईन का.

यातला सुरक्षिततेचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्याला अधिक जागा देतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, अन्न घरात शिजले की रस्त्यावर, यावरून त्याची सुरक्षितता ठरवता येत नाही. ते शिजून किती वेळ झाला, मधल्या काळात ते किती गरम किंवा किती थंड राहिले आणि त्याला कोणते पाणी व कोणते हात लागले, या गोष्टींवर ती ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची जी पाच सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतही स्वच्छता राखणे, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवणे, नीट शिजवणे, योग्य तापमानात साठवणे आणि सुरक्षित पाणी व कच्चा माल वापरणे एवढेच सांगितलेले आहे. ही सूत्रे घरच्या ओट्याला लागू आहेत, मोठ्या उपाहारगृहाला लागू आहेत आणि हातगाडीलाही तितकीच लागू आहेत.

त्यातले तापमानाचे सूत्र जरा उलगडून पाहू. अन्न शिजताना त्याच्या मध्यभागाचे तापमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवे, ताटात वाढेपर्यंत ते ६० अंशांच्या वर राहायला हवे आणि शिजलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, अशी ही शिफारस आहे. ५ ते ६० अंशांच्या मधला पट्टा धोक्याचा मानतात, कारण बहुतेक रोगकारक जीवाणू याच पट्ट्यात वाढतात. परिस्थिती अनुकूल असेल तर त्यांतले काही साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एका जीवाणूचे दोन तासांत ६४ आणि चार तासांत ४०९६. प्रत्यक्ष अन्नात वाढीचा वेग ओलावा, आंबटपणा आणि मीठ यांनुसार कमीजास्त होतो, पण वेळ ही गोष्ट किती निर्णायक आहे, हे एवढ्या हिशेबावरूनही लक्षात यावे.

आता आपला डबा पाहू. सकाळी सातला गरम अन्न भरून झाकण घट्ट लावले आणि दुपारी एकला ते उघडले, तर मधले सहा तास ते अन्न कोमट अवस्थेतून हळूहळू थंड होत गेलेले असते. दुपारी पुन्हा गरम करून घेतो, असे आपण म्हणाल. काही जीवाणूंच्या बाबतीत त्याचा उपयोग होतो, सर्वांच्या बाबतीत होत नाही. बॅसिलस सिरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची उष्णता सोसणारी सुप्त रूपे, भातासारख्या पदार्थांत शिजवल्यानंतरही जिवंत राहू शकतात, अन्न कोमट होताच ते पुन्हा वाढू लागतात आणि त्यांच्यातले काही प्रकार उलट्या घडवणारे असे विष तयार करतात की, जे गरम केल्याने नष्ट होत नाही. हाताच्या त्वचेवर किंवा नाकात वस्ती करणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या विषाचेही तेच. जीवाणू मरतात, विष तसेच राहते.

डबा धोकादायक आहे, असा याचा अर्थ कृपया काढू नये. कोरडे, आंबट किंवा खारट पदार्थ बराच वेळ टिकतात. उष्णता धरून ठेवणाऱ्या चांगल्या भांड्यात अन्न ६० अंशांवर राहू शकते आणि शीतकपाटाची सोय असेल तर प्रश्न बराचसा मिटतो. मला फक्त असे सुचवायचे आहे की, जी कसोटी आपण गाडीला लावता, तीच डब्याला लावली, तर डबा प्रत्येक वेळी उत्तीर्ण होईलच असे नाही आणि गाडी प्रत्येक वेळी नापास होईलच असेही नाही.

गाडीची जमेची बाजू म्हणजे गिऱ्हाइकासमोर पेटलेला विस्तव. पदार्थ डोळ्यांदेखत उकळतो किंवा तळला जातो आणि पुढच्या काही मिनिटांत पोटात जातो. ज्या गाडीपुढे दुपारी गर्दी असते, तिथे पातेले रिकामे व्हायला वेळ लागत नाही, त्यामुळे अन्नाला कोमट पडून राहायची संधी मिळत नाही. बहुतेक फेरीवाल्यांकडे शीतकपाट नसते आणि भांडवलही बेताचे असते, म्हणून रोजचा माल रोज आणून त्याच दिवशी संपवणे हेच त्यांच्या धंद्याचे गणित असते. अर्थात ज्या दिवशी माल संपत नाही, त्या दिवशी उरलेले दुसऱ्या दिवशी खपवण्याचा मोहही याच बेताच्या भांडवलातून जन्माला येतो, हे नाकारता येणार नाही. म्हणूनच ओस पडलेल्या गाडीपेक्षा गर्दीची गाडी बरी, हा जुना अडाखा मला शास्त्रालाही धरून आहे असे वाटते.

आता गाडीच्या उण्या बाजूकडे येतो, कारण तिथे आपल्याशी माझे बऱ्याच अंशी एकमत आहे. खरा धोका बहुधा कढईत नसतो, तो तिच्या आजूबाजूला असतो. एकाच बादलीतल्या पाण्यात दिवसभर बुडवून काढलेल्या ताटल्या, पैसे घेणाऱ्या हातानेच वाढलेले अन्न, सकाळी वाटून ठेवलेली ओली चटणी, कापून उघड्यावर मांडलेली फळे आणि कोणत्या पाण्याचा आहे हे कळायला मार्ग नसलेला बर्फ, या गोष्टी मी स्वतः टाळतो आणि इतरांनीही टाळाव्यात असेच सांगतो. गोठल्यामुळे जंतू मरतात, ही समजूत चुकीची आहे. नोरोव्हायरससारखे विषाणू बर्फातही टिकून राहतात. तळणाच्या तेलाचेही तसेच आहे. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल खराब होताना तयार होणारी द्रव्ये, साठत जातात आणि ती साधारण २५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की अनेक देशांचे नियम ते तेल टाकून द्यायला सांगतात. गिऱ्हाइकाजवळ मोजण्याचे साधन नसते, पण काळपट, चिकट, फेसाळणारे आणि नीट तापण्याआधीच धूर सोडणारे तेल डोळ्यांना दिसते. छापील कागदावर गरम आणि तेलकट पदार्थ घेणे हेही टाळण्यासारखेच, कारण छपाईची शाई अन्नासाठी बनवलेली नसते आणि तेलाबरोबर ती पदार्थात उतरते.

यांपैकी पाण्याची आणि हातांची जबाबदारी मात्र एकट्या विक्रेत्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. जिथे नळ नाही, शौचालय नाही आणि कचरा टाकायला जागा नाही, तिथे उभ्या असलेल्या माणसाने तासातासाला साबणाने हात धुवावेत, ही अपेक्षा बोलायला सोपी आहे. आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनसाठी १९९५ मध्ये आणि आशियासाठी २०१७ मध्ये रस्त्यावरील अन्नासंबंधी स्वतंत्र आचारसंहिता स्वीकारल्या आणि त्यांत विक्रेत्याच्या कर्तव्यांबरोबर विक्रीची जागा, पाणी आणि कचऱ्याची विल्हेवाट यांचाही विचार केलेला आहे.

आपल्या दोन सहकाऱ्यांच्या आजाराविषयी. त्यांना त्रास झाला, याचे मला वाईट वाटते आणि दोष गाडीचा असूही शकेल, पण ‘दुपारी खाल्ले आणि रात्री उलट्या झाल्या’ एवढ्यावरून तो सिद्ध होत नाही. स्टॅफिलोकॉकसच्या विषाचा परिणाम अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत दिसतो, म्हणून या एका शक्यतेत दुपारचे जेवण संशयाच्या कक्षेत येते. नोरोव्हायरसला मात्र साधारण १२ ते ४८ तास लागतात, साल्मोनेला या जीवाणूला सहा तासांपासून काही दिवसांपर्यंत, कॅम्पिलोबॅक्टर या जीवाणूला बहुधा दोन ते पाच दिवस, तर अन्नातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए या काविळीची लक्षणे दिसायला सरासरी चार आठवडे जातात. याचा अर्थ असा की, दोष आदल्या दिवसाच्या जेवणाचा असू शकतो, कार्यालयातल्या समारंभातल्या पदार्थाचा असू शकतो किंवा आजारी सहकाऱ्याने हाताळलेल्या दाराच्या कडीचाही असू शकतो. पोट बिघडले की आपण शेवटच्या खाण्याकडे बोट दाखवतो आणि त्यातही जे बाहेरचे असेल त्याच्याकडे आधी, ही माणसाची सवयच आहे. दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मांडला होता. तो घरच्या, बाहेरच्या, सगळ्याच अन्नाचा मिळून आहे.

‘आळस’ या शब्दाबद्दल फार लिहीत नाही. डबा आपोआप भरत नाही. तो भरण्यासाठी घरातले कोणीतरी इतरांच्या आधी उठते आणि बऱ्याच घरांत ती व्यक्ती डबा नेणाऱ्याहून वेगळी असते. एवढे लक्षात घेतले की, गाडीवर खाणाऱ्याला आळशी म्हणताना डबा नेणारा आपोआप उद्योगी ठरत नाही. शिवाय एकट्याने भाड्याच्या खोलीत राहणारा, पहाटेच्या पाळीला निघणारा किंवा दिवसभर फिरतीवर असणारा माणूस डबा कुठून आणणार, हा प्रश्न उरतोच. जगात दररोज सुमारे अडीचशे कोटी लोक रस्त्यावरचे अन्न खातात, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा वारंवार सांगितला जाणारा अंदाज आहे. इतक्या माणसांना एका विशेषणात गुंडाळणे कठीण आहे.

सुट्टीच्या वेळेचा आपला हिशेब बरोबर आहे. पाच मिनिटे जायला, पाच यायला आणि रांगेतली आणखी काही धरली, तर अर्ध्या तासातला बराच भाग संपतो. आपण तो वाया गेला असे धरता, मी तसे धरत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच कराराने उद्योगांत आठ तासांचा दिवस ठरवला, तेव्हा कामाच्या तासांत न मोजली जाणारी विश्रांतीची वेळ मालकाने जाहीर करावी, असेही बंधन घातले. ती वेळ कामातून पूर्णपणे बाहेर पडण्यासाठी आहे, हे त्यामागचे तत्त्व. टेबलावर डबा उघडला की अनेकदा सुट्टीही टेबलावरच संपते. एका हातात घास असतो, दुसरा हात कळफलकावर असतो आणि मधेच कोणीतरी ‘फक्त दोन मिनिटे’ म्हणून कागद पुढे करतो. गाडीपर्यंत जावे लागते म्हणून माणूस खुर्चीतून उठतो, उजेडात येतो, चार पावले चालतो. डबा घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसणाऱ्यालाही हे सगळे मिळते, यात शंका नाही, फक्त तसे करणारे थोडे असतात.

दुपारी येणाऱ्या सुस्तीचे खापरही आपण गाडीवरच्या जेवणावर फोडले आहे. दुपारी जागरूकता काहीशी उतरणे हा शरीराच्या दैनंदिन लयीचाच भाग आहे आणि दुपारी न जेवलेल्या माणसांतही तो आढळतो. जड जेवणाने किंवा अपुऱ्या झोपेने ती सुस्ती वाढते, हे खरे. त्यामुळे रोज तळलेले खाऊ नये, या आपल्या मताशी मी सहमत आहे. त्याला मिठाचीही जोड द्यावी लागेल, कारण प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी शिफारस असताना बाहेरच्या चटपटीत पदार्थांत त्यातला मोठा वाटा एका बैठकीत संपू शकतो. गाडीवर उकडलेले, भाजलेले आणि शिजवलेलेही मिळते. निवड गिऱ्हाइकाच्या हातात असते आणि गिऱ्हाइके मागू लागली की विक्रेते पदार्थ बदलतात.

पदपथांबाबत एवढेच म्हणतो की, गाडी जिथे उभी राहते तिथे माणसे आधीपासूनच असतात, म्हणून ती तिथे येते. तिला हुसकावले की ती पुढच्या वळणावर जाते, पण भूक तिथेच राहते. चालणाऱ्यांसाठी ठरावीक रुंदी मोकळी सोडून दुपारच्या दोन-तीन तासांपुरती जागा आखून देणे हा उपाय मला अधिक व्यवहार्य वाटतो. आखलेल्या जागेत नळ आणि कचराकुंडी देता येते, पळत राहणाऱ्या गाडीला ती देता येत नाही.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. वृद्धांना आणि लहान मुलांना मी गाडीवरचे तेच देईन, जे माझ्यासमोर उकळत्या पातेल्यातून किंवा तव्यावरून थेट स्वच्छ, कोरड्या ताटलीत येईल आणि वाफ निघत असतानाच खाल्ले जाईल. कापलेली फळे, कच्च्या भाज्या, ओल्या चटण्या, बर्फ आणि सुटे पेय देणार नाही. गर्भवती स्त्रियांबाबत माझे हेच उत्तर आहे आणि त्यांच्या बाबतीत एक गोष्ट घरच्या अन्नालाही लागू करीन : लिस्टेरिया हा त्यांना विशेष घातक असणारा जीवाणू शीतकपाटाच्या तापमानातही वाढतो, तेव्हा तिथून काढलेले कालचे शिजवलेले अन्न वाफ येईपर्यंत गरम केल्याशिवाय त्यांच्या ताटात वाढणार नाही.