बादगीर थंडावा तयार करत नाही

उन्हाळा लागला की एक व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. वाळवंटातलं मातीचं घर, त्यावर उभ्या फटींचा उंच मनोरा (यालाच बादगीर म्हणतात), आणि सोबतचा मजकूर साधारण असा: अरबांनी हजार वर्षांपूर्वी विजेशिवाय चालणारा एसी शोधला. बाहेर ५० अंश असले तरी आत २०. याच मनोऱ्याने ते भर वाळवंटात बर्फ करत. पुढे पाश्चात्त्य आर्किटेक्ट आले, काचेच्या इमारती उठल्या आणि ही विद्या लोक विसरले. मुंबईत असे मनोरे बांधले तर एसी लागणारच नाही.

या घरांवर माझा फार जीव आहे. म्हणूनच त्यांच्याबद्दल असं काही पसरलं की गप्प राहवत नाही.

आधी 'अरबांचा शोध'. बादगीर हा शब्दच फारसी आहे. बाद म्हणजे वारा आणि गीर म्हणजे धरणारा. आपल्या 'जहागीर'मधला गीर तोच. दुबईच्या जुन्या अल फहिदी वस्तीतले मनोरे इराणच्या दक्षिणेकडच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधले, म्हणून त्या वस्तीला बस्तकिया म्हणत. कैरोतला मलकफ, म्हणजे छपरावरचा वारा पकडणारा झरोका, वेगळा: त्याचं तोंड एकाच बाजूला, उत्तरेच्या वाऱ्याकडे. सिंधमधल्या हैदराबादेत तर घरोघरी छपरांवर असे वारा पकडणारे झरोके होते आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. हे एका कुणाचं नाही.

आता ५० आणि २० अंशांचं. खरी गल्लत इथे आहे. मनोरा फक्त वारा खाली आणतो. उंचावर वारा जोरात असतो, त्यात धूळ कमी असते, म्हणून तो तिथून घ्यायचा. पण दुपारी बाहेर ४५ अंश असतील तर मनोऱ्यातून येणारा वाराही ४५ अंशांचाच. तो गार होतो ते पुढे, पाण्यावरून किंवा तळघरातून गेल्यावर. इराणमधल्या यझ्द शहरात दौलताबाद बागेचा बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे, आणि त्याच्या तळाशी पाण्याचा हौद आहे. कोरडा वारा पाण्यावरून गेला की पाण्याची वाफ होते आणि ती वाऱ्यातली उष्णता घेऊन जाते. नागपूर-अकोल्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कूलर आणि वाळ्याचे ओले पडदे याच तत्त्वावर चालतात. शिवाय मातीच्या जाडजूड भिंती रात्री गार होतात आणि दुपारची झळ बराच वेळ आत येऊ देत नाहीत. वारा पडला की मनोऱ्याचं काम उलटं होतं: घरातली गरम हवा त्यातून वर निघून जाते.

आणि माणसं? यझ्दमधलं कुटुंब एका खोलीत बसून राहत नसे. अंगणाच्या एका बाजूच्या खोल्या उन्हाळ्याच्या, समोरच्या हिवाळ्याच्या. दुपार तळघरात, रात्र गच्चीवर. घर जागेवर राहायचं आणि माणसं सावलीमागे हलायची. हे सगळं वगळून नुसता मनोरा दाखवणं म्हणजे त्या घरावर अन्याय आहे.

मुंबईचा दावा इथेच कोसळतो. दुबई समुद्रकाठी आहे आणि तिथल्या उन्हाळ्यात हवा दमट असते. दमट हवेत पाण्याची वाफ होणार किती? म्हणून तिथला बर्जील, म्हणजे वाऱ्याचा मनोरा, घामेजल्या अंगावर झुळूक आणण्यापुरता होता. लोक बरोबर त्याच्याखाली बसत. ज्यांना जमे ते उन्हाळ्यात आतल्या खजुरांच्या बागांकडे जात, किंवा खजुराच्या झावळ्यांच्या घरांत राहत, कारण झावळ्यांच्या भिंतीतून वारा आरपार जातो. मे महिन्यातली मुंबई यझ्दपेक्षा दुबईच्या जवळची आहे. इथे कूलर का चालत नाही, हे ज्याने एकदा विकत घेऊन पाहिला त्याला माहीत आहे.

बर्फाचं थोडक्यात सांगतो. इराणात तो उथळ हौदांत, हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री धरत असे आणि यखचाल नावाच्या जाड मातीच्या घुमटाखाली खोल खड्ड्यात उन्हाळ्यापर्यंत साठवत. मनोऱ्याने बर्फ होत नाही.

'विसरले' हा दावा मात्र मला सर्वांत जास्त टोचतो. काचेच्या इमारती झाल्या, हे खरंच आहे. पण तेलाच्या पैशाबरोबर वीज स्वस्त झाली, रस्ते मोटारींसाठी आखले गेले आणि चारी बाजूंना जागा सोडून घर बांधायचे नियम आले. अंगण आणि अरुंद सावलीची गल्ली तिथेच संपली. पाश्चात्त्य आर्किटेक्टनी सरसकट काचच लावली असंही नाही. दुबईची पहिली आखणी १९६० साली करणारे ब्रिटिश आर्किटेक्ट जॉन हॅरिस यांच्याच १९७९ च्या वर्ल्ड ट्रेड सेंटरला खिडक्या आत ओढून घेतलेल्या काँक्रीटच्या चौकटी आहेत, ऊन अडवायला. अबू धाबीत अल बहर टॉवर्सवर (२०१२) मश्रबियासारख्या (जुन्या अरबी घरांच्या लाकडी जाळीसारख्या), उन्हाबरोबर उघडझाप करणाऱ्या छत्र्या आहेत. तिथल्याच मस्दार या नव्या वसाहतीत ४५ मीटरचा वाऱ्याचा मनोरा उभा आहे, आणि त्याच्याभोवतीच्या गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवल्या आहेत.

आणि हसन फथी. इजिप्तच्या या आर्किटेक्टने उभी हयात मातीच्या विटा, घुमट आणि मलकफ यांवर घालवली. १९४० च्या दशकात लक्सरजवळच्या न्यू गुर्ना गावात त्यांनी शाळेच्या मलकफात ओला कोळसा ठेवून वारा गार केला. नंतर खार्गा मरूद्यानात त्यांनी न्यू बारिस गावाची आखणी केली. तिथल्या बाजाराला मलकफांची रांग आहे: वारा थेट खालच्या तळघरात उतरावा आणि शेतकऱ्यांचा भाजीपाला विजेशिवाय टिकावा म्हणून. १९६७ चं अरब-इस्रायल युद्ध झालं, काम थांबलं, आणि ते पुन्हा कधी पूर्ण झालं नाही.