निवड नसतानाही खेळाडू कथेत असतोच

एकरेषीय कथेच्या (म्हणजे खेळाडूच्या निर्णयाने न बदलणाऱ्या) रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये, खेळाडू निव्वळ प्रेक्षक उरतो, हे एका लेखात वाचलेले विधान मला पटले नाही. १९९७ साली आलेल्या ‘फायनल फँटसी ७’मध्ये एरिस या साथीदार पात्राचा मृत्यू टाळण्याचा एकही मार्ग नाही; परंतु तोवर खेळाडूने तिला असंख्य लढायांत सोबत घेतलेले असते, तिची ताकद वाढवलेली असते, आणि त्यानंतर साथीदार निवडताना ती यादीत नसते, तेव्हा ही हानी कथेइतकीच खेळाच्या हिशेबातही बोचते. चित्रपटाला हे साधणे अवघड आहे.

शाखा असलेल्या, म्हणजे खेळाडूच्या निर्णयानुसार वेगळ्या वाटेने जाणाऱ्या कथांची खरी ताकद मला पर्यायांच्या संख्येत नव्हे, तर परिणामाला लावलेल्या विलंबात दिसते. ‘द विचर ३’मध्ये (२०१५) झाडात कोंडलेल्या आत्म्याला मुक्त केले, तर अनाथ मुले वाचतात, मात्र बऱ्याच वेळाने बॅरन या सरदाराच्या पत्नीचा मृत्यू होतो आणि तो स्वतः गळफास घेतो. तोपर्यंत जुने सेव्ह (खेळाची आधी जतन केलेली स्थिती) लोड करून निर्णय फिरवण्याची सोय (आणि खरे सांगायचे तर हिंमतही) उरलेली नसते.

अर्थात प्रत्येक फाटा स्वतंत्रपणे लिहावा लागत असल्याने बहुतेक वाटा पुन्हा मुख्य कथेला आणून जोडल्या जातात. ‘मास इफेक्ट ३’च्या शेवटावर २०१२ साली खेळाडू संतापले ते याच कारणाने: मालिकेच्या तीन खेळांमधील निर्णयांना शेवटी अगदी मोजक्या पर्यायांत कोंबल्याची त्यांची भावना होती.