मोर्चा आधी की कागद आधी? संग्रहालय बचावाच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. गावातल्या इतिहास संग्रहालयाला जागा खाली करण्याची नोटीस आली तर काय करावं, या लेखावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: लेख वकिली झाला आहे, लोक रस्त्यावर उतरल्याशिवाय पालिका हलत नाही आणि कागद कोणी वाचत नाही. शिवाय दिवसाला दहा माणसं येत नाहीत ती खोली करदात्यांनी का पोसावी, आणि वस्तू वर्षभर गोदामात राहिल्या तर असं काय बिघडतं, हेही तुम्ही विचारलं आहे.

लोक हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांनी कोणाच्या दारात जाऊन काय मागायचं, हे जागेचा मालक कोण यावर ठरतं. मालक पाहिला नाही, तर पाचशे माणसं तहसील कचेरीवर जातात, तहसीलदार निवेदन घेतात, फोटो छापून येतो आणि तिकडे पालिकेच्या सभेत ठराव मंजूर होऊन जातो. कारण जागा पालिकेची असते आणि तहसीलदारांचा त्या खोलीशी काही संबंध नसतो.

जागा पालिकेची असेल तर एक कडू गोष्ट आधी पचवावी लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 शासनाच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागांना लागू नाही. ‘चाळीस वर्षं भाडं भरतोय, आम्हाला कोण काढणार’ हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. करारात वेगळं काही नसेल तर महिनेवारी भाडेकरूला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 106 खाली 15 दिवसांची नोटीस पुरते. माहिती अधिकाराचं उत्तर यायला मात्र 30 दिवस. हे गणित जुळत नाही, आणि अनेक बचाव समित्या इथेच अडकतात: अर्ज टाकून वाट पाहत बसतात. त्यापेक्षा 2018च्या शासन निर्णयाचा आधार घ्या. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. नोटीस आल्यावरच्या पहिल्याच सोमवारी दोघांनी जाऊन जागा देण्याचा मूळ ठराव, भाड्याची फाईल आणि आता खाली करायला सांगणारा ठराव पाहावा. माहिती अधिकाराचा अर्जही त्याच दिवशी द्यावा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. चार विषय एकत्र कोंबले तर पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतात आणि महिना वाया जातो.

जुना ठराव सापडला की लोकांना काय सांगायचं ते स्पष्ट होतं. ‘संग्रहालय वाचवा’ यावर मुख्याधिकारी सही तरी कशावर करणार? त्याऐवजी निवेदनात एकच वाक्य ठेवा: अमुक तारखेचा अमुक क्रमांकाचा ठराव मागे घ्यावा, किंवा पर्यायी जागा ताब्यात मिळेपर्यंत त्याची अंमलबजावणी थांबवावी. खाली प्रत्येकाचं नाव, प्रभाग, घर क्रमांक, सही. ऑनलाइन याचिकेवर पुण्या-मुंबईच्या, अगदी न्यू जर्सीच्या पाच हजार सह्या आल्या तरी नगरसेवक विचारतो, माझ्या प्रभागातल्या किती? त्याच्या प्रभागातल्या दोनशे सह्या त्याला जास्त बोचतात. निवेदन दोन प्रतींत न्यायचं, आवक टेबलावर द्यायचं, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलायचं नाही. साहेबांच्या हातात हसत-हसत दिलेल्या निवेदनाचा पुढे पुरावाच उरत नाही.

असे ठराव पुष्कळदा ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून येतात. म्हणून सभेची विषयपत्रिका निघाली की ती मिळवायची आणि एका तरी नगरसेवकाकडून विरोधाची नोंद इतिवृत्तात घालून घ्यायची. ठराव झालाच, तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. तुमचा मोर्चा न्यायचा तो इथे, आणि हातात ठरावाची प्रत घेऊन. महानगरपालिका असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली तो अधिकार राज्य शासनाकडे आहे.

त्या जागेवरचं आरक्षण बदलून व्यापारी संकुल करायचं असेल तर विकास आराखड्यात फेरबदल करावा लागतो. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली सूचना प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात आणि हरकत घेणाऱ्यांना सुनावणी द्यावी लागते. इथे सह्यांचा एक गठ्ठा कामाचा नाही. प्रत्येकाची स्वतंत्र हरकत, स्वतंत्र पोच. तीनशे हरकती म्हणजे तीनशे जणांना सुनावणीची संधी, एक गठ्ठा म्हणजे एक.

खासगी वाड्यातलं संग्रहालय असेल तर चित्र उलटं. भाडेकरू म्हणून असाल तर भाडे नियंत्रण कायदा पाठीशी आहे, ‘लिव्ह अँड लायसन्स’वर असाल तर जवळजवळ नाही: मुदत संपली की तिथे राहण्याचा हक्कही संपतो. आपला करार नक्की कोणता हे विश्वस्तांनाच माहीत नसतं, कारण अकरा-अकरा महिन्यांचे कागद कोणीतरी डोळे झाकून सही करत आलेलं असतं. मालक भाडं घेईनासा झाला तर खूश होऊ नका, थकबाकी दाखवायची ती तयारी असू शकते. धनादेश स्पीड पोस्टाने पाठवा, परत आलेलं पाकीट न फोडता जपा. मालकाने स्वतःच्या गरजेसाठी जागा मागितली तर कलम 16(2) प्रमाणे न्यायालय दोन्ही बाजूंची अडचण तोलून पाहतं. अभ्यागत नोंदवही, शाळांची लेटरहेडवरची पत्रं, मोडी वर्गांची हजेरी हा पुरावा तिथे कामी येतो, घोषणा येत नाहीत.

मालक दुसरा धर्मादाय न्यास असेल, तर विक्रीला किंवा इमारतीच्या तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. म्हणजे बिल्डरशी बोलणी झाली असली तरी हरकत घ्यायला एक दार उघडं आहे.

आणि आता ज्याला तुम्ही ‘कागदाचा कीस’ म्हणता ते. संग्रहालयाचा स्वतःचा न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाची आणि विश्वस्तांची नोंद दाखवणारा, उतारा काढा. नेहमीचं दृश्य असं: सात विश्वस्तांपैकी तिघे वारले, एक मुलाकडे परदेशी, आणि विश्वस्त बदलल्याचं कळवणारा बदल अर्ज, जो 90 दिवसांत द्यायचा असतो, तो वर्षानुवर्षं दिलेलाच नाही. दाव्यावर सही करणाऱ्याचं नावच उताऱ्यावर नसेल तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेवढं दाखवतो. बाहेर कितीही घोषणा चालू असोत, आत अर्ज सहीवर अडकलेला असतो.

पैशाचंही तसंच. ‘बचाव समिती’ नोंदणीकृत नसेल आणि वर्गणी फिरवणार असेल, तर गणपती मंडळं घेतात ती त्याच विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41क ची परवानगी घ्यावी लागते. वर्गणी न्यासाच्या खात्यातच जमा करणं सर्वांत सुटसुटीत. देणगीवरची आयकर सवलत हवी असलेल्यांना सांगा की 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. परदेशी मराठी मंडळींना आवाहन करताना जपून: भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाहीत. दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं हा त्या नोंदणीचाच भाग आहे, महिन्याभरात उरकणारं ते काम नाही.

करदात्यांचा मुद्दा रास्त आहे. कुलूपबंद राहणारी आणि शाळांना दार न उघडणारी खोली पालिकेने फुकट सांभाळावी, असं मीही म्हणणार नाही. चौथीच्या पोरांना वर्षभर शिवकाल शिकवतात आणि गावातलं मोडी दफ्तर एकदाही दाखवत नाहीत, यात दोष दोन्हीकडे आहे. वेळापत्रक, शाळाभेटी आणि वार्षिक अहवाल पालिकेला लिहून देण्याची तयारी विश्वस्तांनी ठेवावी. तसं हमीपत्र निवेदनासोबत गेलं तर नगरसेवकालाही बाजू घ्यायला आधार मिळतो.

राहिलं गोदाम. मुंबईच्या आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा मूळ संग्रह फोर्टातल्या बराकीत होता. 1857मध्ये लष्कराला जागा हवी झाली आणि तो अक्षरशः बाहेर काढला गेला. जॉर्ज बर्डवुड यांनी वाचलं तेवढं सावरलं. पुढे भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट आणि बर्डवुड यांनी पुढाकार घेऊन वर्गणी उभी केली, तरी नवी इमारत लोकांना खुली झाली ती 1872मध्ये. ‘तात्पुरतं’ किती लांबतं ते यात आलं.

आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरते. पावसाळ्यात पत्र्याच्या गोदामात मोडी रुमालांचं, म्हणजे कापडात बांधलेल्या मोडी कागदांच्या गठ्ठ्यांचं, काय होतं ते वेगळं सांगायला नको. हलवावंच लागलं तर आधी दाखल नोंदवही पूर्ण करा: क्रमांक, वर्णन, मोजमाप, कुठून आली, फोटो. कागदावर क्रमांक मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात, कापडाला सुती पट्टी शिवून, धातू-दगडाला पॅरालॉइड या पारदर्शक, पुन्हा काढता येणाऱ्या लेपाच्या दोन थरांमध्ये शाईने. चिकटपट्टीवर नंबर लिहून लावू नका, डाग राहतो आणि नंबर गळतो. दगडी, धातूच्या मूर्ती आणि चित्रं शंभर वर्षांहून जुनी असतील तर पुरावस्तू कायदा 1972 खालची नोंदणी तपासा, ताबा दुसऱ्याकडे जात असेल तर कळवावं लागतं. यादीवर देणारा-घेणारा दोघांच्या सह्या, किल्ली विश्वस्तांकडे, परतीची तारीख लेखी. यातलं काहीच मिळत नसेल तर वस्तू हलवायला होकार देऊ नका.

तुमच्या गावातल्या संग्रहालयाला नोटीस आल्याचं तुम्ही शेवटी लिहिलं आहे, पण ती कोणी बजावली आणि कोणत्या तारखेला हाती पडली ते नाही लिहिलं. तेवढं कळवा. तोवर विश्वस्तांना परिशिष्ट एकच्या उताऱ्यासाठी अर्ज करायला सांगा.