कोणीही असलास तरी

परवा रात्री पुन्हा 'फिडेलिओ' लावलं आणि कबर खणायच्या प्रसंगाशी आल्यावर हातातलं काम थांबलं. दर वेळी तिथेच थांबतं.

बेथोवनचा हा एकुलता एक ऑपेरा. स्पेनमधल्या सेव्हिलजवळच्या तुरुंगात घडणारा. सत्य बोलला म्हणून फ्लोरेस्तान तिथल्या तळघरात दोन वर्षं खितपत पडलाय. त्याची बायको लिओनोर पुरुषाचा वेष आणि फिडेलिओ हे नाव घेऊन तिथल्या जेलरच्या हाताखाली कामाला लागते. नवऱ्यासाठी जिवावर उदार झालेली बायको म्हटलं की आपल्याला सावित्री आठवते. मलाही आठवायची. आता ती तुलना मला अपुरी वाटते, आणि ते मला उमगलं ऑगस्ट २००९ मध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये.

प्रॉम्स या तिथल्या उन्हाळी संगीत महोत्सवाचं पाच पौंडांचं तिकीट, उभ्याने ऐकायचं. समोर संगीत-संचालक (कंडक्टर) दानिएल बारेनबॉइम आणि वेस्ट-ईस्टर्न दिवान ऑर्केस्ट्रा. इस्रायली आणि अरब तरुण वादकांना एकत्र आणून बारेनबॉइम आणि पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९९९ साली सुरू केलेला हा ऑर्केस्ट्रा पुढे सेव्हिललाच स्थिरावला. सईद २००३ मध्ये गेले. पण त्या संध्याकाळी शब्द त्यांचे होते: मूळचे संवाद काढून त्या जागी त्यांनी लिहिलेलं लिओनोरचं निवेदन.

नेपथ्य नाही, बेड्या नाहीत, तुरुंगाची भिंत नाही. मैफिलीत गावं तसं सगळे उभं राहून गात होते. नाटकाशिवाय ऑपेरा कसला, असं म्हणणारे मला अजून भेटतात. मी रेडिओवर नाट्यपदं ऐकत वाढले. कितीतरी नाटकं मी पाहिली नाहीत, पण त्यांतली पदं अंगात भिनलेली आहेत. आणि 'फिडेलिओ' तर मुळात कानांचाच ऑपेरा आहे. कैद्यांना घटकाभर उजेडात सोडतात, तेव्हाचं त्यांचं समूहगान ऐका. मोकळ्या हवेत श्वास घ्यायचा आनंद आधी जेमतेम ऐकू येईल इतका हळू सुरू होतो, मग भरत जातो. तेवढ्यात एक कैदी बजावतो: हळू बोला, आपल्यावर कान आहेत, डोळे आहेत. पुन्हा सगळा आवाज खाली. त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही उभे असलेले लोकही श्वास रोखून होतो. डोळ्यांना गुंतवायला काही नव्हतं, म्हणून ती भीती थेट आत उतरली.

मग तो तळघरातला प्रसंग. डबल बास आणि काँट्राबासून या खर्जातल्या वाद्यांचा खालचा, घुसमटलेला स्वर. तिथल्या कैद्याला मारून पुरायचंय, म्हणून जेलर आणि लिओनोर कबर खणताहेत. कोपऱ्यातल्या अंधारात पडलेला माणूस आपला नवरा आहे की नाही, तिला दिसत नाहीये. आणि खणता खणता ती मनाशी ठरवते: तू कोणीही असलास तरी मी तुला वाचवीन.

माझ्या लेखी हा ऑपेरा इथे घडतो. नंतर त्याला मारायला आलेल्या तुरुंगाधिकाऱ्यावर ती पिस्तूल रोखते, दुरून तुतारी वाजते, सगळे सुटतात, ते सगळं थरारक आहेच. पण निर्णय आधीच झालाय, आणि तो नवऱ्यासाठी नाही, अनोळखी माणसासाठी झालाय. त्याला भरवायला तिने आणलेला पावाचा तुकडाही दोन दिवस तिच्याजवळ असतो, म्हणजे ओळख पटायच्या आधीपासून.

हा निर्णय कानाआड केला तर 'फिडेलिओ' कुणालाही चालतो. हिटलरच्या जर्मनीतही त्याचे प्रयोग होत राहिले, लोक नटूनथटून जात राहिले. त्या काळात यावर बंदी कशी आली नाही, असं जर्मन लेखक थॉमस मान यांनी १९४५ मध्ये संतापून विचारलं होतं. मला वाटतं, त्या प्रेक्षकांनी आपल्या माणसाची सुटका तेवढी ऐकली. परक्यासाठी दिलेला शब्द ऐकलाच नाही. आजही बातम्या बघताना आपण आधी आडनाव, धर्म, पासपोर्ट बघतो आणि मग हळहळायचं की नाही ते ठरवतो. हे मला असह्य होतं.

त्या संध्याकाळी लिओनोर गात होती वाल्ट्राउड मायर. तिच्या मागे व्हायोलिनवाले दोघादोघांत एक स्टँड घेऊन बसले होते. त्यांतला कोण कुठल्या देशाचा, मला कळत नव्हतं. एकजण वाजवता वाजवता थांबायचा, दोघांसाठी पान उलटायचा, आणि पुन्हा गज उचलायचा.